दमयंतीमावशींची हरकत

कोन गावाच्या टोकाला, एक्स्प्रेस-वेची घरघर दिवसभर कानात राहते अशा जागी, एका जुन्या फार्महाऊसमध्ये 'मोकळीक' नावाची शाळा आहे. शाळा म्हणायचं ते आपल्यासारख्यांनी. तिथे घंटा नाही, इयत्ता नाहीत, परीक्षा नाही आणि मास्तर तर औषधालाही सापडायचा नाही. काय शिकायचं ते मुलंच ठरवतात, नियम मुलंच करतात, भांडणं मुलंच मिटवतात. शिवाय दर सत्रात प्रत्येकाने एक छोटासा धंदा काढून चालवून दाखवायचा असतो. 'धंदा' हा शब्द रोडपाली-खारघरच्या पालकांना खटकतो, म्हणून त्याला 'उद्योग' म्हणतात. नसते उद्योग कशाला म्हणतात ते मग ज्याचं त्याने ठरवावं.

या शाळेत सगळे सारखे. दारातच मोठ्या रंगीत अक्षरांत तसं लिहिलंय. कुणाला सर-मॅडम म्हणायचं नाही, ताई नाहीतर दादा म्हणायचं. शाळा काढणाऱ्या त्या रमाताई, सुतारकाम दाखवणारे एक दादा, बाग बघणारी आणखी एक ताई. फक्त स्वयंपाकघरात दोन-दोन कुकर सांभाळत जी बाई उभी असे, तिला मात्र 'मावशी'. हे कुणी ठरवलं, कुठल्या सभेत मंजूर झालं, विचारू नका. आपल्याकडे काही गोष्टींना सभा लागत नाही.

तर ही गोष्ट त्या मावशीची. नाव दमयंती काशिराम कोळी. वय कागदावर अठ्ठावन्न, गुडघ्यांचं सत्तर.

तिचा जन्म उरणकडच्या एका कोळीवाड्यातला आणि लग्नही त्याच वाड्यात, चार घरं पलीकडे. नवरा काशिराम खाडीत होडी घालायचा आणि ही मासळी विकायची. पुढे खाडीत भराव पडत गेला, मासळी लांब गेली, आणि तेवढं लांब जायला काशिरामची होडी लहान होती. तो घरी बसला. हातातलं काम गेलेला माणूस लवकर म्हातारा होतो तसा झाला आणि एका श्रावणात गेला. मुलगा भावेश बंदरात ठेक्यावर लागला. त्याची बायको काविळीने गेली, तेव्हा त्यांची पोर, कोमल, तीन वर्षांची होती. भावेशने दुसरं लग्न केलं आणि नव्या नवरीने पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "पोर आजीकडंच शोभते." शोभते म्हणे! पोर म्हणजे काय फुलदाणी आहे, इथे नको तिथे ठेवा म्हणायला?

पण दमयंती भांडली नाही. पोरीला कमरेवर घेतलं, मासळीची पाटी डोक्यावर घेतली आणि इकडे कोनला खोली करून राहिली. रोडपालीच्या बिल्डिंगांमधून बोंबील, मांदेली, कधी नशिबाने पापलेट. पोर तिला 'बय' म्हणायची, कोळ्यांकडे आईला म्हणतात तसं. आजी म्हणायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

रमाताई तिच्या गिऱ्हाईक. कोमल दहा वर्षांची असताना त्यांनी तिला एका बाईशी वाद घालताना ऐकलं. बाई म्हणत होती मासळी शिळी आहे, आणि कोमल माशाचा कल्ला उघडून दाखवत म्हणत होती, "बघा, लाल हाय का नाय? तुमीच सांगा!" रमाताई तिथल्या तिथे म्हणाल्या, "मावशी, ही मुलगी आमच्याकडे पाठवा. फी-बी काही नको." वर दमयंतीचे गुडघे बघून म्हणाल्या, "आणि तुम्हीही या. आम्हाला स्वयंपाकाला माणूस हवंय."

मासळीवालीने वरण-भात रांधायचा! शाळेचं जेवण शाकाहारी. पहिले आठ दिवस दमयंतीला प्रत्येक पातेल्यात काहीतरी घालायचं राहून गेल्यासारखं वाटे. पण हाताला चव होती. महिन्याभरात मुलं वाटीतलं वरण बोटाने पुसून खायला लागली.

दुसऱ्या महिन्यात एक गोष्ट झाली. कोमल रांगेत ताट घेऊन आली आणि म्हणाली, "मावशी, भात आहे का अजून?" दमयंतीने मागे वळून बघितलं, ही कुणाशी बोलतेय म्हणून. मागे कुणी नव्हतं. मग तिने भात वाढला. दुसरं काय करणार? सगळी मुलं मावशी म्हणतात, तीही म्हणाली. घरी गेल्यावर 'बय' म्हणतेच की, असं दमयंतीने मनाला समजावलं आणि मन समजलंही, कारण त्याला समजून घ्यायची सवय होती.

पगारासाठी ती तिथे टिकली असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज. जन्मभर तिची माणसं एकेक करून लांब गेली. आता ही एक पोर रोज भिंतीपलीकडे हसताना, वाद घालताना ऐकू यायची, आणि दुपारी एक वाजता ताट घेऊन समोर उभी राहायची. दमयंतीला एवढंच हवं होतं. ते एवढं टिकावं म्हणून ती ताप असला तरी यायची.

दर शुक्रवारी अकरा वाजता शाळेची सभा भरे. चिठ्ठी काढून त्या दिवसाचा अध्यक्ष ठरे, मुलं प्रस्ताव मांडत, चर्चा होई. बहुमत वगैरे भानगड नाही. सगळ्यांचं एकमत व्हायला हवं, आणि एकाची जरी हरकत आली तरी प्रस्ताव पडला. सभेचे सदस्य म्हणजे झाडून सगळे, अगदी स्वयंपाकघरातली मावशीसुद्धा. पण अकरा ही वेळ कुकरची. त्यामुळे तीन वर्षांत दमयंतीने सभा कधी बघितली नव्हती, फक्त शिट्ट्यांच्या मधून ऐकली होती.

आता समृद्धी. तेरा वर्षांची, रोडपालीच्या टॉवरमध्ये राहणारी, आई-वडील दोघंही मोठ्या कंपन्यांत. पोरगी वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवायला हवं. वाईट असती तर ही गोष्ट सोपी झाली असती. आधीच्या सत्रात तिने साबण केले होते, ते थिजलेच नाहीत. त्याआधी मेणबत्त्या, त्या पेटल्या पण उभ्या राहिनात. या खेपेला ती वही-पेन घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही तीस वर्षं बिझनेस केलाय ना? मला तुमची मुलाखत घ्यायचीय."

अहाहा! दमयंतीला काय वाटलं म्हणून सांगू! तीस वर्षं तिने पाटी वाहिली, पण ते कुणी वहीत लिहून घेण्यासारखं आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. तिने पदराला हात पुसले, पाटावर बसली आणि बोलत सुटली. पहिलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाय, घाट्यात गेलो तरी भवानी करायची. दार उघडणाऱ्या बाईचं तोंड आधी वाचायचं, मग भाव बोलायचा. दमलेलं तोंड गिऱ्हाइकाला दाखवायचं नाय. आणि मधला माणूस ठेवायचा नाय. "जे आपल्या हातानं व्हतंय, त्याला दुसऱ्याचा हात कशाला गो?"

हे शेवटचं वाक्य समृद्धीने दोनदा अधोरेखित केलं.

पुढच्या सोमवारी फळ्यावर प्रस्ताव लागला. 'स्वयंपाकघर आमचं: या सत्रापासून मुलं आळीपाळीने स्वतः रांधतील, आणि रोडपालीच्या पालकांना डबेही पुरवतील. बाहेरच्या मदतीची गरज राहणार नाही. मांडणार: समृद्धी.' दमयंतीला वाचता येई, पण अक्षर-अक्षर लावून. 'बाहेरच्या मदतीची' इथपर्यंत ती आली आणि तिथेच उभी राहिली. बाहेरचं कोण हे कळायला तिला जरा वेळ लागला.

ती रमाताईंकडे गेली. रमाताईंनी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "मावशी, मला यात काही बोलता येत नाही हो. सभा ठरवते. कोमलची जागा मात्र कुठे जात नाही, ती काळजी अजिबात करू नका. आणि हे बघा, तुम्हीही सदस्य आहात. तुमची हरकत असेल तर शुक्रवारी सभेत या. तुमची एक हरकत आली की प्रस्ताव पडला."

"एक?" दमयंतीने विचारलं.

"एकच पुरते."

दमयंतीच्या जिवात जीव आला. आपल्या एका 'नाय'ने काही थांबू शकतं, हे तिला सासरी कधी दिसलं नव्हतं, बाजारात नव्हतं आणि खाडीत भराव टाकायला आलेल्यांपुढे तर नव्हतंच नव्हतं. त्या संध्याकाळी तिने कोमलला विचारलं, "शुक्रवारी काय बोलू गो मी?"

कोमल वहीत काहीतरी आखत होती. "तुला वाटेल ते बोल. तुझा हक्क आहे तो," ती म्हणाली, आणि आखत राहिली.

शुक्रवारी दमयंतीने भाताला जरा लवकरच आधण ठेवलं, अकराला गॅस बंद केला आणि निळी ठेवणीतली साडी सावरत सतरंजीवर गोलात जाऊन बसली. गुडघा दुमडेना, म्हणून एक पाय पुढे पसरला. अध्यक्षाची चिठ्ठी निघाली आणि चिठ्ठीत नाव कोमलचं! दमयंतीला एकदम भरून आलं. अध्यक्ष! पाटीजवळ बसून माशाचे कल्ले दाखवणारी आपली कोमल, अध्यक्ष! आता कशाची भीती?

समृद्धीने तक्ता लावला. कुणी कधी रांधायचं, भाजी कुठून आणायची, डबे कसे पोचवायचे, सगळं रंगीत पेनांनी लिहिलेलं. शेवटी ती म्हणाली, "ही कल्पना खरं तर दमयंतीमावशींची. त्याच म्हणाल्या, जे आपल्या हाताने होतंय त्याला दुसऱ्याचा हात कशाला?" सगळी मुलं कौतुकाने दमयंतीकडे बघून हसली. दमयंतीही हसली. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला?

"कुणाला काही बोलायचंय?" कोमलने विचारलं.

दमयंतीने हात वर केला. "लेकरांनो, चाळीस माणसांचा भात हाय तो. गॅसशी खेळ नाय."

"मुद्दा बरोबर आहे," एक मुलगी लगेच म्हणाली, "सुरक्षिततेचं प्रशिक्षण घेऊ या," आणि तसं लिहून झालं. आणखी काही? दमयंतीच्या पोटात होतं ते एवढंच होतं, की मना हितंच ऱ्हायचं हाय, या पोरीच्या जवळ. पण हे भर सभेत कसं बोलायचं? हा काय मुद्दा झाला? त्याचं प्रशिक्षण कोण घेणार? हरकत घ्यायची वेळ येईल तेव्हा घेऊ, असं तिने ठरवलं.

मग कोमल म्हणाली, "आता अंगठे."

मोकळीकमध्ये अंगठा वर म्हणजे मान्य आणि खाली म्हणजे हरकत. हे तिथल्या पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक, म्हणून दमयंतीला कुणी सांगितलंच नाही. आता तुम्ही म्हणाल, मोबाईलवर दिवसाला शंभर अंगठे येतात, एवढं कळू नये? तिचा फोन बटणांचा. आणि अंगठा म्हटला की तिला दोनच ठाऊक. एक शाईत बुडवून कागदावर उठवायचा तो. सासऱ्याने जमिनीच्या कागदावर उठवला होता. आणि दुसरा, निम्म्या भावात मासळी मागणाऱ्या बाईच्या तोंडापुढे हलवून दाखवायचा तो. घे, ठेंगा!

तिने बघितलं, तर गोलातल्या सगळ्या पोरांनी समृद्धीच्या तक्त्यापुढे ठेंगे उभे केलेले. एकूण एक पोरगं! आपल्याला वाटलं आपण एकटे पडू, आणि ही सगळी लेकरं आपल्या बाजूची! दमयंतीचे डोळे पाण्याने भरले. गुणाची गो लेकरं, ती मनात म्हणाली, आणि तिने एक नाही, दोन्ही हातांचे अंगठे वर करून बाजारात हलवावेत तसे जोरजोरात हलवले. मुलांना हसू फुटलं. रमाताईंनी तोंडावर हात धरला.

कोमल एकेक अंगठा बघत येत होती. आजीपाशी आली आणि थांबली. त्या हलणाऱ्या अंगठ्यांकडे तिने जरा जास्तच वेळ बघितलं. मग सभेची वही लिहिणाऱ्या मुलीकडे वळून म्हणाली, "एकमत झालं. लिही."

दमयंती पाय ओढत पण आनंदाने स्वयंपाकघरात परतली, आणि त्या दिवशी तिने काय करावं? शिरा केला! तूप हात सैल सोडून घातलं, वर केळी कुस्करली. मुलं ताटं घेऊन आली ती बघतच राहिली. समृद्धीने तर तिला मिठीच मारली. "मावशी, यू आर ग्रेट! मला वाटलं होतं तुम्हाला वाईट वाटेल." दमयंतीने तिच्या केसांवरून हात फिरवला. हरली तरी रागावली नाय, केवढ्या मोठ्या मनाची पोर, असं वाटून तिने तिला शिऱ्याचा आणखी एक डाव वाढला.

तीन वाजता रमाताई आल्या. त्यांचे डोळे लाल झाले होते. "मावशी, खरं सांगते, मला वाटलं तुम्ही हरकत घ्याल. तुमचा हक्कच होता. पण दोन्ही अंगठे वर! आणि वर शिरा! तुमच्याकडून आम्हीच शिकायला पाहिजे."

"घेतली ना हरकत," दमयंती पातेलं घासता घासता म्हणाली. "सगळ्यांनीच दिला ना ठेंगा."

नळ चालू होता. मग रमाताईंनी हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, अंगठा वर म्हणजे काय ते सांगितलं. दमयंतीने नळ बंद केला. तिने हातातल्या साबणाच्या फेसाकडे बघितलं, अंगठा जरासा वर करून बघितला आणि खाली घेतला.

"मग आता?" ती म्हणाली.

रमाताई पायरीवरच बसल्या. मुलांचा नियम होता, की मंजूर झालेला प्रस्ताव सत्र संपेपर्यंत परत घ्यायचा नाही. एकच पळवाट होती. मोजण्यात चूक झाली असं खुद्द अध्यक्षाने सांगितलं, तर सोमवारी पुन्हा अंगठे घ्यायचे. "पण ते अध्यक्षानेच सांगायला हवं. मी मधे पडले तर मग त्या सभेला अर्थ काय राहिला?" रमाताई तत्त्वाच्या पक्क्या. आणि तत्त्वाची किंमत बहुतेक वेळा तत्त्व पाळणारा मोजत नाही, शेजारी उभा असतो तो मोजतो.

पण दमयंती तर हसली! "अध्यक्ष आमची कोमलच ना? मग झालं की! पोरीला सांगते, सोमवारी बोलेल ती." तिने उरलेलं पातेलं घासून पालथं घातलं.

साडेचारला दोघी सर्व्हिस रोडने घरी निघाल्या. दमयंतीने सगळी गंमत सांगितली. स्वतःच्या येडेपणावर स्वतःच हसली. "अगो, मना वाटलं सगळी समृद्धीला ठेंगा दाखवतात! मंग मीबी दाखवला, दोन-दोन! तू सोमवारी सांग बाय, मोजताना चूक झाली म्हणून. ताई बोलल्यात, तू सांगितलंस की पुन्हा घेतील."

कोमल चालत राहिली. कंटेनरची एक रांग गेली तेवढा वेळ तिला न बोलायला निमित्त मिळालं.

"चूक नव्हती झाली, बय."

"म्हंजे?"

"तू ठेंगा दाखवत होतीस ते मला कळलं होतं. तेव्हाच कळलं."

दमयंती थांबली. "मंग बोललीस का नाय?"

"नाही." कोमल आता 'नाय' म्हणत नसे. "नाही बोलले."

रस्त्याच्या कडेला एक बंद पडलेली चहाची टपरी होती. दमयंती तिच्या बाकावर बसली, कारण गुडघा धरला होता आणि उभं राहून हे ऐकणं तिला जमलं नसतं. कोमल समोर उभी राहिली आणि बोलायला लागली. आधी शाळेतल्यासारखं, मुद्दे मांडल्यासारखं. तीन वर्षांत तिने सभेत एकदाही हरकत घेतली नव्हती. सहलीला जायचं नव्हतं तेव्हा नाही, ग्रंथालयाचा नियम चुकीचा वाटला तेव्हा नाही. अंगठा खाली करायला गेलं की वाटायचं, सगळे आता स्वयंपाकघराकडे बघतील. फुकट शिकते, आजी भांडी घासते आणि वर हिची हरकत.

"कोन बोललं तसं? नाव सांग."

"कुणीच नाही! तिथे असं कुणी बोलत नाही, बय. सगळे चांगलेच आहेत." आणि मग मुद्दे संपले आणि पोर रडायला लागली. "ताट घेऊन रांगेत आले की तू बाकीच्यांपेक्षा मला जास्त वाढतेस. सगळे बघतात. मला तुझी लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून माझी मला लाज वाटते. तू तिथे नसलीस की मी नुसती कोमल असेन."

दमयंतीला राग आला. असा आला की हात उगारला गेला असता. तीन वर्षांची होती तेव्हापासून पाटीबरोबर वाहिली हिला, आणि ही मोजते कसली, तर मी भात किती वाढते ते! कृतघ्न कार्टी! पण राग आला तसा त्याला पाय ठेवायला जागाच सापडेना. पोरगी खोटं बोलली नव्हती. मी कोण, माझं काय, हे उभं राहून सांगता यावं म्हणूनच तर तिला तिथे घातली होती. ती शिकली होती. फक्त पहिला धडा आजीवर गिरवला होता.

"सांग म्हणालीस तर सोमवारी सांगेन," कोमल नाक पुसत म्हणाली. "मी खोटं नाही बोलणार. पण मग तिथे परत कधीच काही बोलणार नाही."

म्हणजे हरकत अजून दमयंतीच्याच हातात होती. एक हरकत, आणि एकच पुरत होती. रोजची दुपार, भिंतीपलीकडचा आवाज, समोर येणारं ताट, सगळं एका शब्दावर राहिलं असतं, आणि त्या शब्दापायी पोरगी मुकी झाली असती. दमयंतीने पुष्कळ वेळ लावला.

"नको सांगू," ती शेवटी म्हणाली. "चल, भाजी घ्यायची हाय."

सोमवारी तिने किल्ल्या दिल्या. कुठल्या डब्यात काय, गॅसची कळ कुठून जरा सैल आहे, डाळ किती भिजवायची, हे सगळं समृद्धीला दाखवलं. मुलांनी तिला सर्वांच्या सह्यांचं आभारपत्र दिलं. ते कोमलने वाचून दाखवलं, आणि चांगलं खणखणीत वाचलं.

आता दमयंती उरणच्या रस्त्यावरच्या एका शेडमध्ये कोळंबी सोलायला जाते. पहाटे पाचला कोनच्या नाक्यावर टेम्पो येतो, बायका कोंबून नेतो आणि संध्याकाळी सातला आणून सोडतो. दिवसभर उभ्याने बर्फातली कोळंबी सोलायची. ती निघते तेव्हा कोमल झोपलेली असते, येते तेव्हा अभ्यासात असते. मधे भेट होते ती भाकरीपुरती. रविवारी पोरगी खोली झाडते, पाणी भरते, पाय चेपून देते. काही कमी करत नाही. पण दोघींना बोलायला काही सुचत नाही.

कोमल सभेत बोलायला लागली, हरकती घ्यायला लागली. दोन प्रस्ताव तिने एकटीने पाडले म्हणे. हे दमयंतीला रमाताईंनी सांगितलं, नाक्यावर भेटल्या तेव्हा. तेव्हाच असंही कळलं, की मुलांचं स्वयंपाकघर पाच आठवडे चाललं. मग डाळ कच्ची राहायला लागली, पालकांचे फोन यायला लागले, आळीपाळीत कुणाची पाळी ते कळेना, आणि मुलांना कंटाळा आला. समृद्धीने आता टी-शर्ट छापायला घेतलेत. जेवण पनवेलच्या एका केटररकडून येतं. "मावशी, मला तुमचीच आठवण आली होती हो," रमाताई म्हणाल्या, "पण तोवर त्यांच्याशी वर्षाचा करार..." टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, तेव्हा त्यांनाही सुटल्यासारखं झालं.

सत्राच्या शेवटी मोकळीकमध्ये प्रदर्शन असतं. आपापल्या उद्योगाचा अहवाल पालकांपुढे वाचायचा. स्वयंपाकघराचा अहवाल वाचायला सगळ्यांनी मिळून कोमलला निवडलं, कारण ती सगळ्यांत चांगली बोलते. आदल्या संध्याकाळी ती खोलीत उभी राहून वाचायचा सराव करत होती. दमयंती कोपऱ्यात बसून ऐकत होती. कोळंबीच्या काट्यांनी बोटं चिरली होती, म्हणून दोन्ही हात कोमट मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवले होते.

कोमलने सुरुवात कशी झाली ते वाचलं, काय चुकलं ते वाचलं, काय शिकलो ते वाचलं. मग वाचलं, "आमचा उद्योग बंद पडला, पण त्यात कुणाचंही नुकसान झालं नाही."

"कुनाचंच नाय?" दमयंतीने विचारलं.

कोमलने कागदावरून मान वर केली. तिने जरा विचार केला, आणि खरोखरच केला, कारण मोकळीकमध्ये प्रश्नाला विचार करून उत्तर द्यायला शिकवतात.

"नाही, बय," ती म्हणाली. "भांडवल शाळेचं होतं."

दमयंतीने मान हलवली. पाणी गार झालं होतं, तरी तिने हात बाहेर काढले नाहीत.

"वाच पुढं," ती म्हणाली.